पावसाचा हिशेब मांडणारा गणिती : सर गिल्बर्ट वॉकर

पुण्याच्या शिवाजीनगर भागात हवामान खात्याची एक जुनी इमारत आहे. पुणेकर तिला आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. तिच्यासमोरून रोज ये-जा करणाऱ्या अनेकांना हिमालयातल्या एका गावाचे नाव मुळा-मुठेच्या काठी कसे आले, याचा पत्ता नसतो. १९२८ मध्ये भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास हलविण्यात आले आणि कचेरीबरोबर गावाचे नावही इकडे आले. पुढे, १९४४ मध्ये, मुख्यालय दिल्लीला गेले, तरी नाव पुण्यातच राहिले. सिमल्याच्या त्या कचेरीचा दबदबा ज्या माणसामुळे जगभर वाढला, तो मात्र त्याआधी चार वर्षे निवृत्त होऊन इंग्लंडला परतला होता. त्याचे नाव सर गिल्बर्ट वॉकर. दर वर्षी जून महिना जवळ आला की एल निनो आणि मान्सून यांच्या नात्याची चर्चा वृत्तपत्रांतून सुरू होते. त्या चर्चेची बैठक वॉकर यांनी घातली, आणि तीही एकही ढग न अभ्यासता, केवळ आकड्यांच्या वह्या समोर ठेवून.

वॉकर यांच्यापुढचा प्रश्न त्यांच्या जन्माच्या सुमारासच आकार घेत होता. १८७५ मध्ये भारतात हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे त्याची सूत्रे आली. पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस फसला. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने मुंबई आणि मद्रास इलाख्यांत हाहाकार उडविला. सोलापूर, विजापूर, नगर या पट्ट्यातील गावे ओस पडली. पाऊस पडणार नाही हे दोन-तीन महिने आधी कळले असते तर धान्याची तजवीज तरी करता आली असती, अशी भावना सरकारी वर्तुळात बळावली. ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाकडे लक्ष वेधले. वसंतात बर्फ जास्त साचले तर पुढचा पाऊस कमी, असा त्यांचा अनुभवाधिष्ठित तर्क होता. १८८६ पासून या आधारावर मान्सूनचे नियमित अंदाज देण्यास प्रारंभ झाला.

ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी अंदाजाचा व्याप वाढविला. बर्फाच्या जोडीला त्यांनी हिंदी महासागरातील व ऑस्ट्रेलियातील हवेच्या परिस्थितीचाही विचार सुरू केला. परंतु या सर्व गोष्टींचे वजन किती धरायचे, हे अखेर अधिकाऱ्याच्या अंदाजावरच अवलंबून होते. १८९९ मध्ये या पद्धतीची दारुण फजिती झाली. अंदाज आशादायक होता, प्रत्यक्षात पावसाने पाठ फिरविली आणि गुजरात, राजपुताना व मध्य भारतासह मोठ्या प्रदेशावर दुष्काळाची छाया पसरली. विक्रम संवत १९५६ मधला तो दुष्काळ 'छप्पनिया' म्हणून पुढच्या पिढ्यांच्या तोंडी राहिला. हवामान खात्यावर वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. एलियट यांच्या निवृत्तीची वेळ आली तेव्हा सरकारने त्यांच्या जागी हवामानशास्त्रज्ञ न निवडता केंब्रिजचा एक गणिती निवडला.

गिल्बर्ट टॉमस वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी लँकेशायरमधील रॉचडेल येथे झाला. वडील अभियंता होते. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब पुढे लंडनजवळच्या क्रॉयडन येथे स्थायिक झाले. सेंट पॉल्स स्कूलमधील शिक्षणानंतर वॉकर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले आणि १८८९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले. महाराष्ट्राला हा मान वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. बरोबर दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी हाच सीनियर रँग्लरचा मान मिळविला आणि 'रँग्लर' ही पदवी मराठी घराघरांत पोचली.

परीक्षेच्या ताणाने वॉकर यांची प्रकृती ढासळली. पुढचे तीन हिवाळे त्यांना स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. तेथे ते बर्फावरील स्केटिंगमध्ये तरबेज झाले. फिरणाऱ्या, गिरक्या घेणाऱ्या वस्तूंचे त्यांना लहानपणापासून विलक्षण आकर्षण होते. केंब्रिजला परतल्यावर त्यांनी बूमरँगच्या उड्डाणाचे गणित मांडले आणि नदीकाठच्या हिरवळीवर स्वतः बूमरँग फेकून ते ताडून पाहिले. मित्रांनी त्यांचे नावच 'बूमरँग वॉकर' ठेवले. गोल्फच्या चेंडूपासून बिलियर्ड्सपर्यंत खेळांमागील यंत्रशास्त्रावर त्यांचा इतका अधिकार होता की जर्मनीत निघालेल्या गणिताच्या मोठ्या विश्वकोशात खेळांवरील लेख त्यांच्याकडून लिहून घेण्यात आला. विद्युतचुंबकीय सिद्धान्तावरील कामासाठी त्यांना अ‍ॅडम्स पारितोषिक मिळाले आणि १९०४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हवामानशास्त्राशी मात्र त्यांचा तोवर संबंधच आला नव्हता.

१९०३ मध्ये वॉकर भारतात आले आणि १ जानेवारी १९०४ रोजी त्यांनी वेधशाळांचे महासंचालक म्हणून कार्यभार स्वीकारला. देशभर पसरलेली निरीक्षणकेंद्रे आणि कोडाईकॅनॉलची सौर वेधशाळा यांच्याबरोबर मुंबईची कुलाबा वेधशाळाही त्यांच्या अखत्यारीत होती. मुंबईत विजेवरच्या ट्राम सुरू होणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलविण्याचे काम याच सुमारास चालू होते. परंतु सरकारला त्यांच्याकडून मुख्यतः एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते. यंदा पाऊस कसा पडेल?

वॉकर यांनी प्रथम प्रश्नाचा आवाका तपासला. वातावरण हे वायूंचे यंत्र असले तरी त्याचे समीकरण मांडून ते सोडविणे त्या काळच्या गणिताला शक्य नव्हते. उच्च गणितात मुरलेल्या माणसाने ही मर्यादा मोकळेपणाने मान्य करावी, ही मोठी गोष्ट होती. कारण कळत नसेल तर निदान कोणत्या गोष्टी एकमेकींबरोबर घडतात ते तरी शिस्तीने तपासावे, असे त्यांनी ठरविले. त्यासाठी लागणारे साधन इंग्लंडमध्ये नुकतेच तयार झाले होते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८८ मध्ये माणसांची उंची आणि हाताची लांबी यांसारख्या मोजमापांवरून सहसंबंधाची कल्पना मांडली होती आणि कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये तिला नेमके गणिती रूप दिले होते. माणसांच्या मापांसाठी घडविलेले हे साधन वॉकर यांनी पावसाला लावले.

हे साधन दिसायला अवघड, पण आतून सरळ आहे. उन्हाळ्यातल्या एखाद्या रसवंती गृहाचे उदाहरण घ्यावे. समजा, पाच दिवसांचे कमाल तापमान ३२, ३४, ३६, ३८ आणि ४० अंश होते आणि त्या दिवशी उसाच्या रसाचे अनुक्रमे ८०, १००, ९०, १३० आणि १५० पेले खपले. तापमानाची सरासरी ३६ येते, पेल्यांची ११०. आता प्रत्येक दिवसाचा आकडा सरासरीपेक्षा किती कमी किंवा जास्त, एवढेच पाहायचे. पहिल्या दिवशी तापमान ४ ने कमी आणि पेले ३० ने कमी, शेवटच्या दिवशी तापमान ४ ने जास्त आणि पेले ४० ने जास्त. या जोड्यांचे गुणाकार करून बेरीज केली की ३४० येतात. तापमानाच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ४०, पेल्यांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ३४००. या दोन बेरजांच्या गुणाकाराचे वर्गमूळ सुमारे ३६९ येते. ३४० ला ३६९ ने भागले की उत्तर ०.९२. हाच सहसंबंध गुणांक. दोन गोष्टी अगदी हातात हात घालून चालत असतील तर तो १ येतो, एक वाढताना दुसरी तितक्याच नेमाने घटत असेल तर उणे १, आणि दोहोंत असे काही नातेच नसेल तर शून्याच्या आसपास.

रसवंतीत पाच दिवसांचा हिशेब होता. सिमल्यात तो तीस-चाळीस वर्षांचा आणि साऱ्या जगाचा होता. मॉरिशसचा वायुभार, झांझिबारचा पाऊस, दक्षिण अमेरिकेतील दाब, हिमालयातील बर्फ, अशा एकेका रकान्याची भारतातील पावसाच्या रकान्याशी जोडी लावायची, सरासरी काढायची, फरक मांडायचे, गुणाकार करायचे आणि गुणांक काढायचा. तेव्हा संगणक नव्हते. ही आकडेमोड खात्यातील भारतीय कारकुनांनी हाताने केली. वर्षानुवर्षे चाललेल्या त्या बेरजा-गुणाकारांवर वॉकर यांचे सारे निष्कर्ष उभे आहेत.

१९०९ पासून या गुणांकांवर आधारलेले सूत्र मान्सूनच्या अंदाजासाठी वापरले जाऊ लागले. त्यात चार घटक होते. हिमालयात मेअखेर साचलेले बर्फ, मॉरिशसमधील मे महिन्याचा वायुभार, दक्षिण अमेरिकेतील वसंतकालीन वायुभार आणि झांझिबारमधील एप्रिल-मेचा पाऊस. प्रत्येक घटकाला किती वजन द्यायचे हे आता अधिकाऱ्याच्या मनावर नव्हते, मागील वर्षांच्या नोंदींवरून गणित ते ठरवीत असे. अंदाज चुकला तर कोठे चुकला हेही कोणाला तपासता येत होते. संख्याशास्त्राच्या आधारे संपूर्ण ऋतूचा अंदाज देण्याचा जगातील हा पहिल्या प्रयत्नांपैकी एक होय.

याच काळात आणखी एक वाद वॉकर यांच्यासमोर आला. जंगलतोडीमुळे किंवा कालव्यांमुळे भारतातला पाऊस कायमचा घटत चालला आहे, अशी समजूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या अवर्षणांनंतर पसरली होती. वॉकर यांनी उपलब्ध नोंदी तपासून १९१० मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. पावसात मोठे चढउतार होते, काही वर्षे सलग वाईट गेली होती, पण कायमच्या घसरणीचा पुरावा नोंदींत दिसत नव्हता. लोकांना नुकतेच सोसलेले संकट लक्षात राहते, त्याआधीची चांगली वर्षे विसरली जातात. दीर्घकाळची सरासरी काढली की हा स्मृतीचा दोष दुरुस्त होतो. सूर्यावरील डाग आणि पाऊस यांचे नाते हाही तेव्हा विद्वानांचा आवडता विषय होता. वॉकर यांनी जगभरच्या पावसाच्या, तापमानाच्या आणि वायुभाराच्या नोंदी डागांच्या संख्येशी ताडून पाहिल्या. अंदाजासाठी उपयोगी पडेल असे भक्कम नाते त्यांना आढळले नाही.

या साऱ्या कामात वॉकर यांना एक धोका इतरांच्या आधी जाणवला. त्यांच्या संशोधनातील कदाचित सर्वांत मोलाची गोष्ट हीच. समजा, ३२ माणसांनी प्रत्येकी पाच वेळा नाणे उडविले. त्यांपैकी सरासरी एकाला पाचही वेळा छापा पडेल. तो माणूस छापा पाडण्यात वाकबगार आहे, असे कोणी म्हणणार नाही. आकड्यांच्या बाबतीत मात्र शहाणी माणसेही हीच चूक करतात. जगातल्या शेकडो ठिकाणांचे आकडे घेतले आणि प्रत्येकाचा भारतातील पावसाशी गुणांक काढला, तर त्यांतले काही गुणांक केवळ योगायोगानेही मोठे येणारच. नेमके तेवढेच उचलले आणि बाकीचे बाजूला टाकले, तर शोध लागल्याचा भास होतो. पुढच्या वर्षी पाऊस पडला की तो भास विरतो. १९१४ मध्ये वॉकर यांनी या धोक्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. किती गुणांक तपासले, त्यांतला सर्वांत मोठा निव्वळ योगायोगाने किती मोठा येऊ शकला असता आणि हाती आलेला गुणांक त्याहून ठळकपणे मोठा आहे काय, हे पाहिल्याविना कोणत्याही नात्यावर विश्वास ठेवू नये, अशी कसोटी त्यांनी घालून दिली. ज्याचे पद, प्रतिष्ठा आणि अंदाज ज्या साधनावर अवलंबून होते, त्याच साधनाची मर्यादा त्याने स्वतः दाखवून दिली.

वॉकर यांच्या चरित्रातील एक प्रसंग हवामानाशी संबंधित नसला तरी सांगायलाच हवा. फेब्रुवारी १९१३ मध्ये ते कामानिमित्त मद्रासला गेले होते. मद्रास पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी आपल्या कचेरीतील एका कारकुनाच्या गणिताच्या वह्या त्यांना दाखविल्या. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. वॉकर यांनी मद्रास विद्यापीठाच्या कुलसचिवांना पत्र लिहून या तरुणाला पोटाची चिंता न करता काही वर्षे गणिताला वाहून घेता यावे, अशी शिफारस केली. विद्यापीठाने रामानुजन यांना दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. हार्डी यांच्या निमंत्रणावरून रामानुजन १९१४ मध्ये केंब्रिजला गेले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या प्रवासाच्या आधीची ही पायरी तितकीशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात खात्याची माणसे कमी झाली, पण आकडेमोड थांबली नाही. १९१८ मध्ये पाऊस पुन्हा फसला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने देशात लाखो बळी घेतले. मान्सूनचा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नव्हता, याची ही आणखी एक कठोर आठवण होती.

वॉकर यांनी आता आपले जाळे अधिक दूरवर टाकले. भारतातील पाऊस ही एकट्या भारताची घटना नसून जगाच्या हवामानाचा एक धागा आहे, असे त्यांचे मत बनत गेले होते. होनोलुलू, सामोआ, डार्विन, कैरो, केप टाउन, आइसलँड अशा ठिकाणचे आकडे ऋतूवार मांडून त्यांनी प्रत्येकाचा प्रत्येकाशी सहसंबंध तपासला. १९२३ आणि १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून या पसाऱ्यातील एक मोठी आकृती समोर आली. प्रशांत महासागरावर वायुभार जास्त असतो तेव्हा हिंदी महासागराच्या परिसरात तो कमी असतो, आणि काही काळाने हे पारडे उलटते. हजारो मैलांवरचे दोन प्रदेश जणू एकाच तराजूच्या दोन टोकांना बांधलेले होते. या हेलकाव्याला वॉकर यांनी 'सदर्न ऑसिलेशन' म्हणजे दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. उत्तर अटलांटिक आणि उत्तर प्रशांत महासागरांवरील अशाच दोन हेलकाव्यांनाही त्यांनीच नावे दिली. दाबाच्या या झुल्याच्या खुणा त्यांच्या आधी काही संशोधकांनी टिपल्या होत्या, परंतु त्यांचा पद्धतशीर हिशेब लावून त्यांना एका चौकटीत बसविण्याचे श्रेय वॉकर यांचेच.

त्याच सुमारास त्यांनी संपूर्ण भारताची एकच सरासरी काढण्याचा हट्टही सोडला. एका भागातला महापूर आणि दुसऱ्या भागातला दुष्काळ यांची सरासरी कागदावर सामान्य पाऊस दाखवू शकते, पण त्या सामान्य पावसाने कोणाचेच शेत पिकत नाही. वॉकर यांनी द्वीपकल्प, वायव्य भारत आणि ईशान्य भारत असे वेगवेगळे हिशेब मांडले. ईशान्येकडील पावसाचे इतर घटकांशी पुरेसे नाते आढळले नाही, तेव्हा त्यांनी ओढूनताणून सूत्र तयार केले नाही. संकेत पुरेसा ठळक असेल तेव्हाच अंदाज द्यावा, नसेल तर गप्प राहावे, असा त्यांचा आग्रह होता. ऋतूच्या अंदाजासाठी दैनंदिन हवामानाच्या अंदाजाचाच इंग्रजी शब्द वापरणेही पुढे त्यांना खटकू लागले. केवळ पूर्वछाया दिसते असे सुचविणारा सौम्य शब्द त्यांनी त्या जागी रूढ करण्याचा प्रयत्न केला.

सिमल्यातील वास्तव्यात त्यांची जुनी आवडही सुटली नव्हती. तेथील अ‍ॅननडेलच्या मैदानावर ते बूमरँग फेकीत. पंख न हालविता हवेत तरंगणाऱ्या पहाडी पक्ष्यांचे निरीक्षण करीत. बासरीच्या रचनेवरही त्यांनी शास्त्रीय विचार केला होता. १९२४ मध्ये ते सेवानिवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हवामानशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांनी पुढील दहा वर्षे काम केले. १९३१ मध्ये त्यांनी कालक्रमाने येणाऱ्या आकड्यांमधील परस्परसंबंधांवर निबंध लिहिला. युल यांच्या कामाला पुढे नेणारी ती समीकरणे आज 'युल-वॉकर समीकरणे' म्हणून संख्याशास्त्राच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकविली जातात.

आयुष्याच्या उत्तरार्धात मात्र वॉकर यांच्या वाट्याला उपेक्षाही आली. ज्या नात्यांवर मान्सूनचा अंदाज उभा होता, त्यांतली काही काळाच्या ओघात दुबळी पडली. सूत्रातले घटक पुन्हा पुन्हा बदलावे लागले. कारण सांगता येत नसेल तर आकड्यांच्या नात्याला अर्थ काय, हा आक्षेप भौतिकशास्त्राच्या बाजूने सतत घेतला जात होता. वॉकर यांच्यानंतर काही वर्षांनी भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झालेल्या चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ मध्ये एक विचित्र वस्तुस्थिती दाखवून दिली. दक्षिणी आंदोलनावरून मान्सूनचे भाकीत करण्यापेक्षा मान्सूनवरून नंतरच्या आंदोलनाचे भाकीत करणे अधिक सोपे होते. ज्याचे भविष्य सांगायचे तोच दुसऱ्यांचे भविष्य सांगणारा निघाला. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, वॉकर यांचे इंग्लंडमध्ये निधन झाले. त्यांनी शोधलेला हेलकावा तेव्हा विज्ञानातील एक अर्धवट सुटलेले कोडे होता.

कोड्याचा दुसरा अर्धा भाग समुद्रात होता. १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी प्रशांत महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान आणि वॉकर यांचे दक्षिणी आंदोलन यांची सांगड घातली. पेरूच्या किनाऱ्यालगतचे पाणी तापते तो एल निनो आणि वायुभाराचा तो झुला, या एकाच घटनेच्या दोन बाजू होत्या. विषुववृत्तालगत पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या हवेच्या या चक्राला ब्यर्कनेस यांनी 'वॉकर अभिसरण' असे नाव दिले. कारण नंतर सापडले, पण ते कोठे शोधायचे हे सिमल्यातील हाताने केलेल्या गुणाकारांनी आधीच सांगून ठेवले होते. १८७७ आणि १८९९ ही दुष्काळाची दोन्ही वर्षे एल निनोची होती, हेही यथावकाश स्पष्ट झाले.

म्हणून हा हिशेब आता पुरा झाला, असे मात्र नाही. पुण्यात १९६२ मध्ये उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था सुरू झाली आणि मान्सूनचा अभ्यास येथे रुजला. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ पासून सोळा घटकांचे प्रारूप वापरात आले. वॉकर यांच्या चार घटकांचाच तो विस्तारलेला वारसा होता. अनेक वर्षे त्याला यश लाभले. मग २००२ साल उजाडले. सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता, प्रत्यक्षात तो सुमारे १९ टक्क्यांनी कमी पडला. त्याआधी १९९७ मध्ये विसाव्या शतकातील अतितीव्र एल निनो असूनही भारतात पाऊस सामान्य झाला होता. २००९ मध्ये एल निनोच्या वर्षी पाऊस २२ टक्क्यांनी घटला. नाते आहे, पण ते पोलादी नाही. गुणांक ०.६ असला तरी वर्षावर्षांतील चढउतारांपैकी केवळ ३६ टक्के भागाचाच उलगडा होतो, उरलेल्या ६४ टक्क्यांची सूत्रे अन्यत्र असतात. आज अंदाजासाठी महासागर आणि वातावरण यांची भौतिकी एकत्र सोडविणारी महासंगणकावरची प्रारूपे वापरली जातात. वॉकर यांना जे अशक्य वाटले होते ते गणित आता यंत्रे करतात. तरीही त्या प्रारूपांची परीक्षा होते ती अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस यांच्यातील सहसंबंध तपासूनच.

सहसंबंधांच्या बातम्या आता रोजच वाचायला मिळतात. अमुक खाणाऱ्यांचे आयुष्य वाढते, तमुक करणाऱ्यांची मुले हुशार निघतात. अशा बातमीमागे किती जोड्या तपासल्या गेल्या आणि किती गुपचूप बाजूला टाकल्या गेल्या, हा १९१४ सालचा प्रश्न आजही तितकाच लागू आहे. वॉकर यांच्यावर तर पावसाचे भाकीत सांगण्याची सक्ती होती. उत्तराची वाट पाहणारा देश होता, चुकीची किंमत दुष्काळाने मोजली जात होती आणि ठाम बोलणाऱ्याला टाळ्या मिळाल्या असत्या. तशा जागी बसून त्यांनी जेवढे आकडे सांगत होते तेवढेच सांगितले आणि ईशान्य भारताच्या पावसापुढचा रकाना रिकामा ठेवला.